रबाळ्यातलं आमचं क्वालिटी सर्कल आणि २१ मायक्रॉन

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत आमच्या कारखान्यात सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, स्टीलचे बुश (पोकळ नळकांडी) बनतात. त्यातल्या एका बुशचं बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ मिलिमीटरचं, टॉलरन्स एच-७. या कामाशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते: हे बोअर २५.००० पेक्षा लहान चालत नाही आणि २५.०२१ पेक्षा मोठं चालत नाही. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. असे २१ मायक्रॉन आमच्या वाट्याला येतात, आणि मशीन, इन्सर्ट (कापणारं टोक), गेज, हवा, माणूस या सगळ्यांनी मिळून तेवढ्यात बसायचं असतं.

मी तिथे लाइन इन्स्पेक्टर आहे. सात क्यूसी टूल्स, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणाची सात साधनं, खरंच कामाची असतात, की ऑडिटच्या आदल्या दिवशी भिंतीवर लावायची असतात, असं मला ओळखीतले बरेच जण विचारतात. कामाची असतात. पण कोणतं टूल कधी कामाला आलं आणि कोणाच्या हातून आलं, हे सांगितल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात तक्रारीने झाली. ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर पिन आमच्या बुशमध्ये जाईना. आम्ही काही जण प्लग गेज घेऊन त्यांच्या स्टोअरमध्ये बसलो आणि पेट्याच्या पेट्या शंभर टक्के तपासल्या. गेजचं 'गो' टोक आत गेलं पाहिजे, 'नो-गो' टोक अडलं पाहिजे. इथे 'गो'च अडत होतं. म्हणजे बोअर लहान. आणि त्याच लॉटच्या आमच्या तपासणी अहवालात सगळी मापं टॉलरन्सच्या आत होती. ती कोणी खोटी लिहिली नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. त्यामुळे कोडं आणखीच अवघड झालं.

कारखान्यात मात्र प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. उत्पादनवाले म्हणाले, गेज झिजलाय. टूलरूम म्हणालं, इन्सर्ट स्वस्तातले आणले. स्टोअरवाले मटेरियलकडे बोट दाखवायला लागले. आणि एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की हा माल रात्रपाळीचा. रात्री कोणी बघायला नसतं, पोरं झोपतात, हे इतक्या खात्रीने बोललं जायचं की त्याला पुरावा मागायचं कोणाला सुचत नव्हतं.

प्लांट हेड साहेबांनी त्या आठवड्यात सर्कल सुरू करायला सांगितलं. क्वालिटी सर्कल म्हणजे एकाच विभागात काम करणाऱ्या साधारण सहा ते दहा जणांचा गट, जो आठवड्यातून तासभर बसतो आणि स्वतःच्या कामातला प्रश्न स्वतः सोडवतो. आमच्यात ऑपरेटर होते, एक हेल्पर, टूलरूमचा एक मुलगा, मी, आणि मशीन लावून देणारे सेटरकाका. काका मूळचे साताऱ्याकडचे, आयुष्य लेथवर गेलेलं. मशीनच्या आवाजावरून इन्सर्ट गेला की नाही ते सांगतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. दुपारी तीनला पहिली पाळी सुटते आणि दुसरी लागते, तेव्हा आम्ही कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसायचो. रात्रपाळीवर असलेल्या सभासदांसाठी एक वही ठेवली होती. त्यांनी तिच्यात लिहायचं आणि आम्ही बैठकीत ते मोठ्याने वाचायचं.

शिकवायला आलेल्या सरांनी पहिल्याच दिवशी या साधनांचा इतिहास सांगितला आणि मला तो फार भावला. बेल टेलिफोनच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना एक छोटं टिपण दिलं, त्यात कंट्रोल चार्टचा, म्हणजे मर्यादा आखलेल्या मापांच्या आलेखाचा, पहिला आराखडा होता. हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून भारतात येऊन गेले. जपानमध्ये काओरू इशिकावा यांनी ही साधनं इंजिनिअरांच्या टेबलावरून कामगारांच्या हातात दिली आणि १९६२ पासून तिथे क्वालिटी सर्कल्स उभी राहिली. आपल्याकडे हैदराबादच्या भेल या सरकारी कंपनीतून ही चळवळ सुरू झाली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाली. सात साधनांनी कामावरचे बहुतेक प्रश्न सुटतात, असं इशिकावा म्हणत. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की या साधनांना लागणारं गणित दहावीच्या पुढचं नाही. बेरीज, सरासरी, आलेख. आमच्या हेल्परला ते जमलं.

आधी चेकशीट. कंपनीचा छापील रिजेक्शन रिपोर्ट होता, इंग्रजी, आणि तो पाळी संपताना सुपरवायझर ऑफिसात बसून भरायचा. आठ तासांचा माल आठवून आठवून. त्यातून एवढंच कळायचं की इतके नग गेले. कधी गेले, कशाने गेले, काही नाही. आम्ही नवा कागद केला. वर मराठी, खाली हिंदी. आडवे तास, उभे दोष: बोअर लहान, बोअर मोठं, लांबी, डेंट (पोचा), बर (कडेला राहिलेली धातूची धार). वरच्या ओळीत मशीनचा नंबर आणि वार. नग बाद झाला की त्याच क्षणी एक रेघ मारायची, चार रेघांवर पाचवी आडवी. क्लिपबोर्ड मशीनच्या दाराशेजारी टांगला आणि पेन्सिल सुतळीने बांधली, कारण पेन्सिल शोधायला लागली की नोंद राहतेच.

त्या कागदावर ऑपरेटरच्या नावाचा रकाना असावा की नाही, यावर बरीच ओढाताण झाली. सुपरवायझरांना तो हवा होता. मी ठाम नाही म्हटलं, आणि आजही नाहीच म्हणेन. नावाचा रकाना आला की बाद नग भंगाराच्या पेटीत गुपचूप जातो आणि कागद कोरा राहतो. माणूस घाबरला की आकडा खोटा होतो, आणि खोट्या आकड्यावर पुढची सहाही साधनं वापरून काहीच हाती लागत नाही. साहेबांनी आमचं ऐकलं. तरीही सुरुवातीला रेघा मारताना हात आखडत होते. काकांनी आपल्या हातून बाद झालेल्या नगाची रेघ सगळ्यांसमोर मारली, तेव्हा बाकीच्यांचे हात सुटले.

पॅरेटो काढायला वेळ लागला नाही. दोषांचे खांब मोठ्याकडून लहानाकडे लावले, तर पहिले दोनच बाकीच्यांना झाकून टाकत होते: बोअर लहान आणि डेंट. जमिनीची मालकी थोड्याच लोकांच्या हातात एकवटते हे विल्फ्रेडो पॅरेटो यांनी इटलीत पाहिलं, आणि कारखान्यातल्या दोषांना तोच नियम लावून त्यांचं नाव जोडलं ते जोसेफ ज्युरान यांनी. डेंटचं कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. बुश लोखंडी पेटीत एकमेकांवर पडायचे. खाचा असलेले प्लास्टिकचे ट्रे आणले आणि तो खांब बसला. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

बोअरसाठी फिशबोन, म्हणजे माशाच्या सांगाड्यासारखी कारणांची आकृती, काढला. माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत, मोजणी, वातावरण, असे सहा काटे. ही बैठक तासाऐवजी दोन तास चालली आणि चांगलीच तापली. गेज, इन्सर्ट, बारचा कडकपणा, चकचे जॉज, कूलंट, रात्रपाळी, सगळं फळ्यावर आलं. शेवटी हेल्पर म्हणाला, "मॅडम, जॉब गरम असतो तेव्हाच मोजतात." तो एरवी बोलत नसे. त्याचं काम बुश उचलून ट्रेमध्ये ठेवायचं, म्हणून ती ऊब रोज त्याच्याच बोटांना लागत होती. मोजणीच्या काट्यावर ते लिहिलं.

फिशबोनबद्दल माझं एक मत झालं आहे. तो फक्त संशयितांची यादी असतो. अनेक ठिकाणी तो काढून झाला की लोक मतदान घेतात, जास्त हात वर झालेल्या कारणाभोवती गोल काढतात आणि त्यालाच मूळ कारण म्हणतात. आम्ही तो कागद बैठकीच्या जागी लावून ठेवला आणि ठरवलं, की नोंदीतून किंवा प्रयोगातून पुरावा आल्याशिवाय कोणत्याही काट्यावर काट मारायची नाही, आणि गोलही काढायचा नाही.

मग स्ट्रॅटिफिकेशन, म्हणजे तेच आकडे वेगवेगळ्या वाट्यांत घालून बघणं. सातांतलं सगळ्यात साधं आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित साधन. पाळीनुसार वाटे केले. तिन्ही पाळ्यांत 'बोअर लहान' जवळजवळ सारखं. रात्रपाळीवर ठेवलेला सगळा बोल त्या एका तक्त्यात पुसला गेला. वहीतून ही बातमी रात्रपाळीला कळवली, तर खाली एकाने लिहिलं होतं, "आता जेवणाच्या सुट्टीचं बघा." आम्ही तासांनुसार वाटे केले. खरंच, मशीन सुरू झाल्यानंतरचा पहिला तास आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचा काही वेळ उंच दिसत होता. वारानुसार केले, तर शनिवारची सकाळ सगळ्यांच्या वर. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांसारखी आमचीही साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. म्हणजे शनिवारी सात वाजता मशीन पूर्ण थंड. मशीनचे फिरणारे भाग, स्पिंडल आणि बॉलस्क्रू, तापून स्थिर होईपर्यंत माप सरकत राहतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. इथे ते रेघांमध्ये समोर आलं. रात्रपाळीच्या आधी दुसरी पाळी असते, त्यामुळे त्यांना मशीन गरम मिळायचं. ज्यांच्यावर संशय होता, त्यांची सुरुवात उलट सगळ्यात चांगली होती.

पण शनिवारने सगळं उलगडत नव्हतं. इतर वारीही लहान बोअर येतच होतं. हेल्परच्या ओळीकडे परत गेलो.

स्टीलचा एक मीटरचा तुकडा तापमान एका अंशाने वाढलं की साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतो. २५ मिलिमीटर हा मीटरचा चाळिसावा भाग. गेज ज्यावर जुळवतात त्या मास्टर रिंगपेक्षा जॉब १५ अंशांनी गरम असेल, तर बोअर चारेक मायक्रॉन मोठं दिसणार. २१ पैकी ४, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. गरम असताना २५.००३ दाखवलेला बुश थंड झाल्यावर २५.००० च्या खाली. म्हणूनच अहवालातलं माप खरं होतं, आणि ग्राहकाकडचं अडलेलं गेजही खरं होतं.

मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा एका ऑपरेटरने हरकत घेतली, आणि ती हरकत विचारी होती. लोखंड तापलं की फुगतं, मग ते आतल्या बाजूलाही फुगेल आणि भोक लहान होईल, मोठं कसं? दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी समजावण्याआधी काकाच बोलले. "गावाकडं लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवतो? थंड असताना धाव चाकावर जात नाही. भट्टीत लाल करतो, मग बसते. वरून पाणी ओतलं की आवळते. भोक लहान झालं असतं, तर धाव चढली असती का?" सगळे गप्प झाले. इतकं नेमकं उत्तर मला सुचलं नसतं.

त्यानंतर प्रयोग काकांनी स्वतःच केला. मशीनवरून उतरलेले बुश लगेच मोजायचे, खडूने नंबर टाकायचे, ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवायचे आणि मास्टर रिंगच्या तापमानाला आल्यावर पुन्हा मोजायचे. प्रत्येक बुशचं माप खाली आलं. दोन्ही मापांचे हिस्टोग्राम, म्हणजे कोणतं माप किती वेळा आलं याचे खांब, एकाखाली एक काढले, तर तोच डोंगर डावीकडे सरकलेला, आणि त्याची डावी कड २५.००० च्या रेषेपलीकडे गेलेली. जॉब मोजेपर्यंत गेलेला वेळ आणि माप यांचा स्कॅटर डायग्रामही काढला. ठिपके उतरत गेले आणि पुढे सपाट झाले. किती वेळ थांबायचं, ते त्या सपाटीवरून ठरलं.

इथे थांबलो असतो तरी निम्मं काम झालं असतं. पण डोंगर सरकलेला होताच, शिवाय तो फार रुंदही होता, आणि याचं कारण मला सर्वांत उशिरा कळलं. कंट्रोल चार्टमुळे.

दर तासाला सलग पाच बुश, त्यांची सरासरी आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या-लहान मापातला फरक, म्हणजे रेंज. पाचच्या गटासाठी गुणक ०.५७७. सरासरी रेंजला त्याने गुणायचं, आणि तेवढं एकूण सरासरीच्या वर आणि खाली घेतलं की मर्यादा मिळतात. रेंजच्या वरच्या मर्यादेसाठी गुणक २.११४. हे आकडे आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असतात. या मर्यादा ग्राहकाच्या टॉलरन्सवरून येत नाहीत. मशीन आपलं आपण किती हलतं, ते त्या सांगतात.

चार्टवर रेषा खूप नाचत होती. ऑपरेटरना विचारलं तर कळलं, की प्रत्येक जॉब मोजला की ते ऑफसेटला, म्हणजे मशीनमधल्या माप-दुरुस्तीच्या आकड्याला, हात लावतात. चार मायक्रॉन जास्त आलं की चार कमी करायचं, पुढचा जॉब कमी आला की पुन्हा वाढवायचं. त्यांना वर्षानुवर्षं हेच चांगलं काम म्हणून शिकवलेलं. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांचा नरसाळं आणि गोटीचा प्रयोग नेमका हेच दाखवतो: आपसूक होणाऱ्या चढउताराला दर वेळी तेवढीच दुरुस्ती दिली, तर व्हेरिअन्स (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) दुप्पट होतो आणि मापांचा पसारा साधारण १.४ पट. म्हणजे आमची मेहनती माणसं, मन लावून, डोंगर रुंद करत होती.

क्यूसी सर्कलच्या बारा पायऱ्यांमध्ये नववी पायरी आहे: होऊ शकणाऱ्या विरोधाचा आधीच विचार करणं. आमच्याकडे विरोध काकांचा होता, आणि तो मनापासून होता. "माप हलताना दिसतंय आणि मी हात बांधून बसू?" त्यांच्या जागी कोणीही असतं तर हेच म्हणालं असतं. आम्ही वाद घातला नाही. एकाच मशीनवर, एकाच बारच्या मालावर, काही वेळ नेहमीसारखं चालवलं आणि काही वेळ ऑफसेटला हात न लावता. चार्ट काकांनीच भरला. हात न लावलेल्या भागातली रेषा अरुंद पट्ट्यात शांत चालली होती. काकांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मग हात लावायचा कधी?"

हाच खरा प्रश्न. नियम ठरला: ठिपका मर्यादेबाहेर गेला, किंवा ओळीने सात ठिपके मधल्या रेषेच्या एकाच बाजूला आले, किंवा सात ठिपके सलग चढत वा उतरत गेले, तर हात लावायचा. बोअरिंगचा इन्सर्ट झिजत जातो तसं बोअर लहान होत जातं, आणि ती उतरण चार्टवर आधीच दिसते. काकांचं आवाज ऐकून सांगणं आणि चार्टवरची उतरण आता बहुतेक वेळा एकत्रच येतात. दोन्ही जुळलं की त्यांना होणारा आनंद बघण्यासारखा असतो.

बदल लिहून काढले. सुट्टीनंतर मशीन अर्धा तास वॉर्म-अप प्रोग्रामवर फिरवायचं. मशीनशेजारी स्टँड केला आहे, बुश त्यावर ठरलेला वेळ थंड झाल्याशिवाय मोजायचा नाही, आणि मास्टर रिंगही त्याच स्टँडवर ठेवायची. ऑफसेटचा नियम मराठी-हिंदीत कंट्रोल पॅनलच्या वर चिकटवला. डोंगर टॉलरन्सच्या मध्यावर आला. ग्राहकाने मागितलेला सीपीके (मापं टॉलरन्समध्ये किती मोकळी बसतात याचा निर्देशांक) १.३३ मिळाला, आणि बोअरची तक्रार पुन्हा आलेली नाही. एक जुनी लेथ अजून बाकीच्यांसारखी वागत नाही. तिचा चार्ट वेगळा ठेवतो आणि तिच्यावर हे बुश लावत नाही.

आम्ही सर्कल्सच्या संमेलनातही सादरीकरण केलं. तिथे उत्तम कामं पाहिली, आणि असेही फिशबोन पाहिले जे उत्तर आधी ठरवून काढलेले कळत होते. बक्षिसासाठी आकडे सुबक करायची ओढ मोठी असते. ती टाळायची तर मशीनजवळचा तेलकट कागद तसाच दाखवावा. आमच्या हेल्परने तो दाखवला, आणि परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले.

सध्या पॅरेटोवर पहिला खांब गंजाचा आहे. पावसाळ्यात ठाणे खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत तयार बुशवर तांबूस ठिपके येतात. फिशबोनवर कूलंटचं प्रमाण, हाताचा घाम, गंजरोधक तेल आणि पडून राहिलेला माल, असे चार संशयित आहेत. नव्या चेकशीटवर हेल्परने सुचवलेला रकाना घेतला आहे: बुश धुतल्यापासून तेलात बुडेपर्यंत गेलेली मिनिटं. तिन्ही पाळ्यांत तो भरला जातोय, आणि पुढच्या बैठकीत वाटे पाडायला बसणार आहोत.